भागीचं घोडं

‘भागीचं घोडं किवणानं मेलं’ ही म्हण आपण वापरतो ती सोसायटीच्या जिन्यातल्या दिव्याबद्दल, भावकीतल्या विहिरीबद्दल, सामाईक मोटारपंपाबद्दल. खुद्द घोड्याबद्दल वापरायची वेळ आता क्वचित येते. पण दोन घरांनी मिळून तट्टू ठेवायचं ठरवलं असेल, तर ही म्हण आधी शब्दशः वाचावी. ती ज्यानं केली त्याला घोडं कळत होतं. त्यानं भागीचं घोडं उपासानं मारलं नाही, म्हातारपणानं मारलं नाही, किवणानं मारलं. किवण म्हणजे चिघळलेली जखम. दोन धन्यांच्या घोड्याचा घात कुठून होतो हे त्यानं अचूक हेरलं होतं.

ही जखम होते कशी ते पाहा. सोमवारी एका घरचा मुलगा तासभर फिरवून आणतो आणि घामानं भिजलेला नमदा, म्हणजे जिनीखालची लोकरीची गादी, तसाच खुंटीवर टाकतो. मंगळवारी विश्रांती. नमदा वाळून कडक होतो, त्यात मीठ आणि केस घट्ट बसतात. बुधवारी दुसऱ्या घरची मुलगी त्याच नमद्यावर जीन चढवते. फिरून आल्यावर मानेच्या मुळाशी, पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यावर, बोटाएवढी सूज दिसते. तिला वाटतं, सोमवारचीच असेल, त्यांना माहीत असेलच. शुक्रवारी तिथलं कातडं निघतं. पावसाळा असला तर पुढच्या आठवड्यात जखमेत अळ्या. या सगळ्या दिवसांत निष्ठुर कुणीच वागलेलं नसतं. प्रत्येकाला आपापला दिवस ठाऊक होता; दोन दिवसांच्या मधली जागा कुणाचीच नव्हती.

भागीचा करार करायचा तो या मधल्या जागेसाठी. पैशांची वाटणी त्या मानानं सोपी असते.

नाशिकला गंगापूर रोडच्या पुढे, मखमलाबाद-गिरणारे भागात अंगण आणि गोठा असलेली घरं अजून आहेत. येवल्याचा मंगळवारचा बाजार जवळ, दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याची यात्रा. तट्टू विकत घेणं अवघड नाही, ठेवणं अवघड आहे. खर्च एका घराला पेलला तरी वेळ पेलत नाही, म्हणून दुसरं घर जोडलं जातं. आपल्या गावांना हे नवं नव्हतं. सावडीनं, म्हणजे एकमेकांना आळीपाळीनं देऊन, बैल चालायचे, अर्धलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यावर, जनावर दिलं जायचं. त्या व्यवहाराला कागद लागत नसे, कारण अख्खं गाव साक्षीला असे आणि जनावराची पाठ येता-जाता सगळ्यांना दिसे. आज तट्टू ठेवणारी दोन घरं मुलांच्या शाळेतल्या ओळखीनं एकत्र येतात. मधे कुणी बघणारं नसतं. म्हणून कागद हवा, आणि कागदाइतकीच वही हवी. वहीकडे पुढे येतो.

आधी प्रकार ठरवा. एक, दोघांनी निम्मे पैसे घालून सामाईक मालकी. दोन, मालक एकच, दुसऱ्या घराला आठवड्याचे ठरलेले दिवस आणि त्या बदल्यात खर्चाचा वाटा. तीन, जुनी अर्धली: घोडी एकाची, सांभाळणारा दुसरा, शिंगरात निम्मा वाटा. माझं ठाम मत असं की पहिलं वर्ष यातल्या क्रमांक दोनच्या प्रकारानंच काढावं. मालकी एकाच्या नावावर असली की मोडतं घेणं सोपं जातं. सामाईक मालकीतून बाहेर पडायचं तर जनावरच विकावं लागण्याची पाळी येते. चार आठवडे आजमावून पाहावं, मग अकरा महिन्यांचा करार करावा. ही मुदत घरभाड्यामुळे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे, आणि तट्टूच्या बाबतीत ती योग्यही आहे. कारण मुलं वाढतात, तट्टू वाढत नाही.

हे वाढणं मोजता येतं. तट्टूचं वजन काढायला काटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेराला घेरानं गुणा, त्याला लांबीनं गुणा आणि ११,८८० नं भागा. घेर १४८ आणि लांबी १३५ असेल तर उत्तर येतं २४९ किलो. पाठीवरचं सगळं ओझं या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत हवं, म्हणजे ५० किलो. त्यातले सात-आठ किलो जीन, नमदा आणि रिकिबींचे. बसणाऱ्यासाठी उरले ४२. आज ३२ किलोची असलेली मुलगी दोन-तीन वर्षांत ही रेघ ओलांडणार. म्हणून करारात बसणाऱ्याचं वय लिहू नका, वजन लिहा आणि दर तीन महिन्यांनी दोन्ही घरच्या मुलांचं वजन वहीत नोंदवा. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत तट्टूवर लादायची कमाल मर्यादा ७० किलो आहे, पण ती सगळ्या तट्टूंना सरसकट लावलेली. अडीचशे किलोच्या जनावरावर ७० किलोचा काका फोटोपुरताही बसता कामा नये, हे स्पष्ट शब्दांत लिहावं.

‘कोण बसणार’ हे कलम लोकांना उगाचच कडक वाटतं. आपला कायदा मात्र ते फार गंभीरपणे घेतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात दुसऱ्याच्या ताब्यात वस्तू सोपवण्याबद्दल जे प्रकरण आहे, त्यात उदाहरणादाखल चक्क घोडे आणलेत. कलम १५४ खालचं उदाहरण असं: एकानं दुसऱ्याला फक्त त्याच्या स्वतःच्या बसण्यासाठी घोडा दिला, त्यानं घरातल्याच एकाला बसू दिलं, त्या माणसानं जपूनच चालवला, तरी घोडा अपघातानं पडून जखमी झाला. भरपाई घेणाऱ्यानं द्यायची. जपून चालवला हा बचाव तिथे चालत नाही, कारण परवानगीच एकापुरती होती. त्याच कलमात कलकत्त्याहून बनारसला जायला भाड्यानं घेतलेला घोडा कटकला नेणाऱ्याचंही उदाहरण आहे. तोही भरपाईला बांधील. म्हणजे कोण बसणार, कुठे नेणार, हे दोन प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीही भांडणाचेच होते. आपल्या कागदावर बसणाऱ्या मुलांची नावं आणि फिरवायची हद्द लिहा: घरामागचं मैदान, कालव्याचा रस्ता, हमरस्ता अजिबात नाही, अशी.

आणि कलम १५०. घोडा खट्याळ आहे हे माहीत असून मालकानं ते सांगितलं नाही, घोडा उधळला, बसणारा पडून दुखावला, तर जबाबदारी मालकाची. मोबदला घेऊन वस्तू दिली असेल तर दोष मालकाला माहीत नव्हता म्हणूनही सुटका नाही. दुसऱ्या घराकडून दरमहा वाटा घेणाऱ्यानं हे नीट समजून घ्यावं. वाटा हा मोबदला ठरू शकतो. म्हणून पहिल्याच दिवशी खोडी लिहून द्याव्यात: तंग (जिनीचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावतं, मागून गेलं की लाथ उगारतं, फटाक्याला बिथरतं, ट्रॅक्टरला नाही. लिहून दिलेली खोड धोकादायक राहत नाही असं नाही, पण तिच्याशी वागायचं कसं हे दोन्ही घरांना सारखंच कळतं.

आता खर्च. बहुतेक जण सगळा खर्च एका ढिगात घालतात आणि बसण्याच्या दिवसांनी भागतात. तिथेच कुरबुर सुरू होते. परीक्षा आली, मुलगा महिनाभर फिरकला नाही, मग त्याच्या घराला वाटतं की या महिन्याचे पैसे कशाला? घोडं तर रोज खातं. म्हणून खाती तीन करावीत.

पहिलं पोटाचं. अडीचशे किलोच्या तट्टूला दिवसाला वजनाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे पाच किलोच्या आसपास कोरडा आहार लागतो. चार किलो कडबा किंवा वाळलेलं गवत, चारेक किलो हिरवा लसूणघास, आणि काम असेल त्या दिवशी पाऊण ते एक किलो चंदी दोन वेळांत विभागून: भिजवलेला हरभरा, भरडलेला सातू, थोडा गव्हाचा कोंडा. मीठ साधारण ३० ग्रॅम. पाणी वीस-तीस लिटर, चैत्र-वैशाखात त्याहून बरंच जास्त. वर्षाचा कोरडा चारा धरला तर १,४६० किलो. नासाडी मोजून दीड ते पावणेदोन टन. हा कडबा रब्बी ज्वारी निघाल्यावर शेकड्यानं एकदम घेऊन पावसाआधी कोरड्यात रचून ठेवावा लागतो. म्हणजे एकाच महिन्यात मोठी रक्कम जाते आणि ती बहुधा मालकाच्याच खिशातून जाते. करारात लिहावं की खरेदीच्या वेळी दोघांनी आपापला वाटा आगाऊ द्यायचा. मधेच कुणी सोडून गेलं तर उरलेल्या पेंढ्या मोजून, खरेदीच्या भावानं त्याचे पैसे परत. श्रावणात कडबा महागला म्हणून वाढीव भाव मागायचा नाही. चारा घोड्यासाठी घेतला होता, व्यापारासाठी नव्हे.

या खात्याची वाटणी राखून ठेवलेल्या दिवसांवर करावी, प्रत्यक्ष बसलेल्या दिवसांवर नको. हिशेब कळावा म्हणून सोपा आकडा घेऊ: पोटाचा खर्च महिन्याला ९,००० रुपये. आठवड्याला सहा दिवस कामाचे, एक विश्रांतीचा. मालकाचे चार, दुसऱ्या घराचे दोन. दुसऱ्या घराचा वाटा तिसरा हिस्सा, ३,००० रुपये. त्या महिन्यात त्यांचं मूल एकदाही आलं नाही, तरी ३,००० च. विश्रांतीच्या दिवसाचं खाणं दोघांत त्याच प्रमाणात वाटलं गेलेलं आहे, वेगळं मोजायचं नाही.

दुसरं वापराचं खातं. नाल मारणं किंवा खूर छाटणं दर सहा ते आठ आठवड्यांनी, तंग, वाद्या, रिकिबीचे पट्टे, नमदे. आपल्याकडे मुरूम आणि खडीचे रस्ते, खूर लवकर झिजतात. फक्त मऊ मैदानावर चालणाऱ्या तट्टूला कधी कधी नालाशिवायही भागतं, ते नालबंदाच्या सल्ल्यानं ठरवावं. हे खातं मात्र वहीतल्या खऱ्या फेऱ्यांवर वाटायला हरकत नाही. दर वर्षीची धनुर्वाताची लस, जंतांची तपासणी आणि औषध, दात घासून घेणं हा खर्च मालकाचा, असं मला वाटतं. त्यानं मालमत्ता टिकते, आणि मालमत्ता त्याची आहे. दुसऱ्या घरानं आपल्या बसणाऱ्या मुलांच्या धनुर्वाताच्या इंजेक्शनची खात्री करावी, कारण धनुर्वाताचे जंतू लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतात.

तिसरा आजाराचा गल्ला. पोटाच्या तीन महिन्यांच्या खर्चाएवढा होईपर्यंत दरमहा ठरलेल्या प्रमाणात भरायचा, मग थांबायचं. हा गल्ला तट्टूचा. त्यातून नवी जीन घ्यायची नाही, कडबाही घ्यायचा नाही. करार संपला की उरलेला त्याच प्रमाणात परत.

पैसे झाले, श्रम राहिले. चारा-पाणी दोनदा, लीद काढणं, खुरं खरवडून साफ करणं, खरारा, दोर आणि मोहरकी (तोंडावर बांधायचा पट्टा) पाहणं, असे दिवसाचे दीड-दोन तास होतात. दोन दिवस बसणारं घर आपल्या दोन दिवसांची सगळी कामं करत असेल, तरी त्यांचा वाटा पुरा होत नाही. आठवड्याच्या सात दिवसांचा तिसरा हिस्सा म्हणजे दोन दिवस आणि वर एकतृतीयांश. म्हणजे दर तीन आठवड्यांतून एकदा विश्रांतीच्या दिवसाचं कामही त्यांच्याकडे यायला हवं. हे असं मोजून सांगितलं की भांडण होत नाही. ‘आम्हीच सगळं करतो’ असं सहा महिन्यांनी म्हटलं की होतं. लीद मालकाच्या आवारात पडते. एवढ्या तट्टूची दिवसाला दहा किलोच्या पुढे जाते, वर्षाला साडेतीन-चार टन. द्राक्षबागांच्या जिल्ह्यात कुजलेल्या लिदीला मागणी असते. ती विकली तर पैसे पोटाच्या खात्यात. मालकानं स्वतःच्या शेतात घातली तर जागेच्या भाड्यापोटी धरून सोडून द्यावी.

आता ज्या कलमावर सगळ्यात जास्त चुका होतात ते. ‘ज्याच्या दिवशी लंगडलं, त्यानं खर्च द्यायचा.’ ऐकायला न्यायाचं वाटतं. माझ्या मते भागीच्या करारातलं हे सगळ्यात घातक वाक्य आहे. जनावराचं दुखणं तारखेनं येत नाही. स्नायूच्या दोरीला आज ताण बसतो, सूज उद्या सकाळी हाताला लागते. शुक्रवारी दाण्याचं पोतं फोडून खाल्लेलं तट्टू शनिवारी बरं दिसतं आणि त्यानंतर खुरांच्या आतल्या दाहानं पुढचे पाय टाकेनासं होतं. विश्रांतीच्या दिवशी चंदी निम्मी करायची असते. कुणी पुरी घातली, तर दुसऱ्या दिवशी कामाला काढल्यावर मागचे स्नायू आखडतात, घोडं घामाघूम होऊन जागीच थिजतं, लघवी गडद होते. दुखणं दिसतं मंगळवारच्या पोराला, झालेलं असतं सोमवारच्या तोबऱ्यात. आणि खर्च दिवसावर ठेवला की माणसं बोलेनाशी होतात. पाय गरम लागला, सूज दिसली, तरी ‘उद्या बघतील’ म्हणून जीन उतरवून घरी जातात. किवणाची सुरुवात हीच.

म्हणून उलटं लिहावं: दुखणं कुणाच्याही दिवशी दिसो, खर्च गल्ल्यातून, गल्ला संपला तर ठरलेल्या प्रमाणात. अपवाद फक्त चार, नावानिशी: परवानगी नसलेल्यानं बसणं, हद्दीबाहेर नेणं, वहीत ‘काम बंद’ लिहिलेलं असताना बाहेर काढणं, तबेल्यातल्या आहाराच्या फलकावर नसलेलं काही खायला घालणं. या चारांत खर्च ज्यानं ते केलं त्याचा. बाकी कुणालाही दोष नाही, आणि पहिल्यांदा सांगणाऱ्याला तर मुळीच नाही.

वही तबेल्यात, दोरीला बांधून, पेनसकट. मोबाइलवरचा ग्रुप तिची जागा घेत नाही. तिथे शुभ सकाळच्या चित्रांत पायाची सूज हरवते. रोज एक ओळ: तारीख, कोण, किती वेळ आणि कुठे, चंदी किती आणि कधी, लीद नेहमीसारखी आहे का, चारही पाय हातानं चाचपले का, पाठ पाहिली का. पाठ पाहण्याची एक रीत आहे. फिरून आल्यावर तंग सैल करून जीन काही मिनिटं तशीच राहू द्यावी, दाबलेल्या जागी रक्त हळूहळू परत येतं. मग जीन काढून घामाचा ठसा पाहावा. सगळीकडे सारखा ओला असेल तर ठीक. ओल्यामध्ये एखादा कोरडा तुकडा दिसला, तर तिथे जीन टोचते आहे, घामाच्या ग्रंथीही दबल्यात. आज सूज नसली तरी वहीत लिहायचं आणि जीन तपासल्याशिवाय पुन्हा घालायची नाही. दोन घरांच्या दोन जिनी असतील तर दोन्ही त्याच पाठीवर बसवून पाहिलेल्या हव्यात. सूज आलेल्या पाठीवर घडी घातलेलं कांबळं टाकून काम भागवणं म्हणजे दाब आणखी वाढवणं. कातडं निघालं तर दोन-तीन आठवडे बसणं बंद. त्या जागी पुढे पांढरे केस उगवतात आणि जन्मभर दिसतात.

वहीशेजारी एक फलक, त्यावर आहार. ‘मी सकाळी घातली’ हे दुसऱ्याला न कळल्यानं चंदी दोनदा पडते, हा भागीच्या तट्टूचा नेहमीचा धोका. एका वेळेला सव्वा किलोच्या वर दाणा या वजनाच्या जनावराला जाऊ नये. फलकाच्या खालच्या अर्ध्या भागात, मोठ्या अक्षरांत, काय घालायचं नाही ते. नाशिकमध्ये ही यादी थोडी वेगळी होते. कांदा पहिला. बाजार पडला की गोठ्यासमोर कांद्याचे ढीग येतात, गाई-म्हशींपुढे टाकले जातात. घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कांद्यानं फुटतात. दुसरं, द्राक्षबागेच्या बांधावरचं गवत. ऑक्टोबरच्या छाटणीपासून फवारण्या चालू असतात, मोरचुदापासून कीटकनाशकांपर्यंत, आणि ते बांधावर उतरतं. तिसरं, गाईची तयार पेंड. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याचं हृदय त्यानं बंद पडतं. शेजारच्या गोठ्यातलं घमेलं कौतुकानं पुढे सरकवणाऱ्या आजोबांना हे समजावून सांगायलाच हवं. चौथा, बुरसा धरलेला कडबा. पावसाळ्यात पेंढी सोडून वास घेतल्याशिवाय टाकू नये.

रात्रीच्या पोटशुळाचं आधी ठरवून ठेवावं, कारण त्या वेळी ठरवता येत नाही. तट्टू पुन्हा पुन्हा पोटाकडे बघतं, पुढच्या पायानं जमीन उकरतं, लोळतं, लीद थांबते. घोड्याला उलटी होत नाही, आतलं आतच राहतं. चारा काढून घ्या, नाडी मोजा: जबड्याच्या खाली बोटं ठेवून, पंधरा सेकंदांचे ठोके गुणिले चार. एरवी ती चाळीसच्या आसपास असते. साठच्या वर गेली तर वाट पाहायची नाही. बाटलीनं तेल पाजू नका. ते फुफ्फुसात गेलं तर दुसरंच संकट. करारात एवढं असावं: जो हजर आहे त्यानं कुणालाही न विचारता डॉक्टरांना बोलवायचं, ठरलेल्या रकमेपर्यंत त्याचा शब्द दोघांवर बंधनकारक. पशुवैद्यकाचे दोन क्रमांक आणि १९६२ हा सरकारी मदत क्रमांक फलकावर. दुखणं थांबवणारं इंजेक्शन कधी दिलं ते वहीत वेळेसह; दोन घरांनी दोन डॉक्टर बोलावून तेच औषध दोनदा टोचलं तर पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होते. शस्त्रक्रियेची वेळ आली तर मुंबईचा रस्ता आहे, पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. तिथवर न्यायचं का, किती खर्चापर्यंत, आणि डॉक्टरांनी यातना संपवायचा सल्ला दिला तर ‘हो’ कुणी म्हणायचं, या तीन प्रश्नांची उत्तरं शांत दिवशी चहा घेताना लिहून ठेवावीत. अंत्यसंस्काराचा खड्डा, जेसीबी, जागा, हेही. लिहिताना जड जातं. त्या रात्री दारात उभं राहून वाद घालणं त्याहून जड.

वेळेची मर्यादा सोपी आहे. वर सांगितलेल्या १९६५ च्या नियमांत ३७ अंशांच्या वर पारा असलेल्या भागात दुपारी १२ ते ३ जनावर ओझ्याला किंवा गाडीला लावायला मनाई आहे. आपल्या तट्टूवर पोरच बसणार असलं तरी हाच नियम धरा. नाशिकला एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. वरातीचं विचारायला लोक येतीलच. डीजे, फटाके, डांबरी रस्ता आणि सत्तर किलोचा नवरदेव: मुलांच्या तट्टूला हे काम देऊ नये, आणि ‘एकदाच’ या शब्दाला करारात जागा ठेवू नये.

विमा काढायचा असेल तर पॉलिसीत मालकाचं नाव एक असतं, हे ध्यानात ठेवा. सामाईक मालकी असेल तर दोघांची नावं घालता येतात का, आणि दुसऱ्याच्या ताब्यात असताना झालेलं नुकसान धरलं जातं का, हे लेखी विचारून घ्यावं. घोडी असेल तर शिंगराचं आधीच लिहा. गर्भ अकरा महिन्यांचा, शेवटचे काही महिने आणि विणीनंतरचे काही आठवडे बसणं बंद, खाणं मात्र वाढतं. याबद्दल काही लिहिलंच नसेल तर करार कायद्याचं कलम १६३ लागू होतं. तिथे उदाहरण गाईचं आहे, सांभाळायला ठेवलेली गाय व्याली तर वासरासकट परत करायची. अर्धलीची रीत मनात धरून बसलेल्या घराला हा निकाल अनपेक्षित वाटेल. शेंबा, म्हणजे ग्लँडर्स, या रोगाची रक्ततपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. बाजारातून नवं जनावर आणताना ती करून घ्यावी, कारण रोग निघाला तर कायद्यानं जनावर मारावंच लागतं आणि माणसालाही त्याची लागण होते. करार पाचशेच्या मुद्रांकावर, दोन प्रती, दोन साक्षीदार. नालबंदाला साक्षीदार करता आलं तर उत्तम. पाय तोच पाहतो.

उरलं वेगळं होणं. सूचना दोन महिन्यांची, पावसाळ्यात तीन, कारण भर पावसात नवी जागा किंवा नवं घर मिळत नाही. सामाईक मालकी असेल तर किमतीचा प्रश्न येतो, आणि घोड्याच्या किमतीत भोवरे, म्हणजे अंगावरच्या केसांची चक्रं, येतात. बाजारात एखाद्या गोमीवरून, म्हणजे अशुभ मानलेल्या भोवऱ्यावरून, भाव पडतो, गळ्यावर देवमण हा शुभ मानलेला भोवरा असला किंवा घोडा पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला, असला की चढतो. मुलांना त्या भोवऱ्यांशी काही देणं-घेणं नसतं, दुसऱ्या गिऱ्हाइकाला असतं. म्हणून किंमत काढताना भोवरे धरायचे की नाहीत, हे घेतानाच लिहावं. बाकी आपली वाटणीची जुनी रीत इथे चांगली चालते: एकानं वाटे पाडायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा. जाणाऱ्यानं एक किंमत सांगायची. राहणाऱ्यानं त्या किमतीला त्याचा वाटा घ्यायचा किंवा आपला वाटा त्याला द्यायचा. सांगणारा आपोआप सरळ किंमत सांगतो. या रीतीत एक खोट आहे. एका घराकडे रोख पैसा असला आणि दुसऱ्याकडे नसला, तर पैसेवाला मुद्दाम कमी सांगून तट्टू उचलू शकतो. म्हणून घेणाऱ्याला सहा हप्त्यांची मुभा ठेवावी.

तट्टू जागा बदलतं त्या दिवशी त्याच्याबरोबर काय जायचं, ही शेवटची यादी. त्याची रोजची मोहरकी, कारण नव्या वासाची नको. नालांची आणि लशीची शेवटची तारीख. वही, पहिल्या पानापासून. आणि जुन्या घरचा दहा दिवसांचा कडबा आणि चंदी, गाडीत त्याच्याच शेजारी. पोटातले जंतू सवयीच्या चाऱ्यावर जगतात, एका रात्रीत बदललं की शूळ उठतो. पहिले तीन दिवस सगळा जुना चारा, मग रोज थोडा नवा मिसळत दहाव्या दिवशी पुरा नवा. हा चारा कुणाच्या खात्यातून, असं विचारलं जातं. जाणाऱ्या घराच्या.